किरायाचे घर: कायदा, धोरण आणि आपले इंदूर

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमांना दोन प्रकारची माणसे भेटतात. पहिला गट ज्येष्ठ सभासदांचा. घर स्वतःचे आणि दुमजली, मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात, आणि वरचा मजला कुलूपबंद. "किरायाने का देत नाही?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते: "नको रे बाबा, एकदा दिले की निघत नाहीत." दुसरा गट घर शोधणाऱ्यांचा. नोकरीसाठी नव्याने आलेले तरुण जोडपे, शिकायला आलेली मुलगी, नवरा गेल्यावर मोठे घर सोडावे लागलेली बाई, आपल्याच घरी स्वयंपाकाला किंवा धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी. त्यांची तक्रार अशी की जे परवडते ते राहण्याजोगे नसते आणि जे राहण्याजोगे असते ते परवडत नाही.

एकाच शहरात घरे रिकामी आहेत आणि माणसे घराविना आहेत, हे कसे घडले? कायदा काय होता, आता काय बदलते आहे आणि सरकारी योजनांत भाड्याच्या घराला कुठे जागा आहे, याची माहिती एके ठिकाणी असावी म्हणून हा लेख. बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षे काढल्यामुळे थोडा हिशेबही मांडला आहे.

टंचाई नेमकी कशाची?

केंद्र सरकारने नेमलेल्या तांत्रिक गटाने २०१२ साली देशातील शहरी घरांची टंचाई सुमारे १ कोटी ८८ लाख इतकी काढली होती. हा आकडा वाचून वाटते की एवढी कुटुंबे रस्त्यावर आहेत. तसे नाही. पूर्णपणे बेघर कुटुंबांचा वाटा त्यात अगदी लहान, साधारण ५ लाखांचा होता. सुमारे दीड कोटी कुटुंबे अशी होती की ज्यांना घर आहे, पण ते दाटीचे आहे. एका खोलीत दोन संसार, लग्न झालेल्या मुलाला वेगळी जागा नाही, असा प्रकार. टंचाईतील ९५ टक्क्यांहून अधिक कुटुंबे आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटातील होती.

आता दुसरा आकडा पाहा. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागात सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. म्हणजे मोठी टंचाई आणि मोठी रिकामी संख्या शेजारी शेजारी उभ्या आहेत.

तिसरा आकडा भाड्याच्या घरांचा. १९६१ साली शहरांतील निम्म्याहून अधिक, सुमारे ५४ टक्के कुटुंबे भाड्याच्या घरात राहत होती. २०११ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांच्या आसपास आले. लोक श्रीमंत होऊन मालक झाले हे अर्धे सत्य आहे. भाड्याने घर देणेच कमी झाले, हे उरलेले अर्धे.

भाडे नियंत्रण कायद्याची कहाणी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहरांत गर्दी वाढली आणि भाडी भडकली. ती रोखण्यासाठी ठिकठिकाणी भाडे नियंत्रण आले. मुंबई प्रांताच्या १९४७ च्या कायद्याने तर भाडे सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकले. त्या वेळी ते योग्यच होते. फाळणीनंतर आलेल्या लाखो निर्वासितांना आणि गिरणीत काम करणाऱ्या माणसाला त्याने आधार दिला.

अडचण अशी झाली की तात्पुरती म्हणून केलेली व्यवस्था कायमची झाली. महागाई वाढत गेली आणि भाडे जागच्या जागी राहिले. मालकाने दुरुस्ती थांबवली, इमारती मोडकळीला आल्या आणि भाडेकरू बदलताना 'पगडी' सुरू झाली. अखेर सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात भाडे असे गोठवून ठेवणे वाजवी राहिलेले नाही, असे स्पष्ट केले. पुढे महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात दरवर्षी ४ टक्के भाडेवाढीची मुभा आली.

आपल्याकडे मध्य प्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, १९६१ आला. आपल्या पिढीतील घरमालक आणि भाडेकरूंनी जे खटले पाहिले, ते बहुतेक याच कायद्याखालचे. घर रिकामे करून घेण्यासाठी त्यात ठरावीक कारणे दिली आहेत:

- मागणीची नोटीस मिळाल्यावर दोन महिन्यांत थकलेले भाडे न देणे
- परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवणे
- घराचे मोठे नुकसान किंवा उपद्रव करणे
- भाडेकरूने स्वतःचे दुसरे घर मिळवणे
- मालकाला स्वतःसाठी घराची खरोखर गरज असणे

१९८३ साली या कायद्यात एक वेगळे प्रकरण जोडले गेले. निवृत्त सरकारी कर्मचारी, विधवा किंवा घटस्फोटित स्त्री, अपंग व्यक्ती अशा मालकांना स्वतःच्या गरजेसाठी दिवाणी दाव्याऐवजी भाडे नियंत्रक अधिकाऱ्याकडे अर्ज करण्याची सोय झाली. आपल्या अनेक सभासदांच्या घरच्यांना या तरतुदीचा उपयोग झाला आहे, पण तिची माहिती आजही थोड्याच लोकांना असते.

कायदा भाडेकरूला संरक्षण देण्यासाठी होता. जो आधीपासून घरात होता त्याला ते मिळाले. जो नंतर घर शोधायला आला, त्याला मात्र मालकाच्या भीतीमुळे दारच उघडले नाही. आज कुलूपबंद दिसणारा वरचा मजला हा त्याच भीतीचा वारसा आहे.

अकरा महिन्यांचा करार

या भीतीतून अकरा महिन्यांच्या कराराची रीत पडली. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती टाळण्यासाठी अकरा महिने. पुष्कळांचा समज असा की अकरा महिने झाले की भाडेकरूला आपोआप निघावे लागते. तसे नाही. करार संपल्यावरही तो राहिला आणि मालक भाडे घेत राहिला, तर प्रकरण पुन्हा गुंतागुंतीचे होते.

महाराष्ट्रात स्थायिक झालेल्या आपल्या मुलांनी लक्षात ठेवावे की तिथे अकरा महिन्यांचा परवाना करारसुद्धा लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे.

आदर्श भाडेकरू कायदा, २०२१

केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू कायद्याला मंजुरी दिली. घरे हा राज्यांचा विषय असल्यामुळे हा फक्त नमुना आहे. राज्याने तो स्वीकारून आपला कायदा केला तरच लागू होतो, आणि मोजक्याच राज्यांनी त्या दिशेने पावले टाकली आहेत. त्यातील मुख्य गोष्टी अशा:

- प्रत्येक करार लेखी, आणि दोन महिन्यांच्या आत भाडे प्राधिकरणाला त्याची माहिती देणे आवश्यक.
- राहत्या घरासाठी अनामत जास्तीत जास्त दोन महिन्यांच्या भाड्याइतकी.
- भाडे दोघांच्या संमतीने ठरणार. करारात वेगळे काही नसेल तर वाढीची लेखी सूचना तीन महिने आधी.
- मालकाने भाडेकरूचे पाणी, वीज तोडता कामा नये. घरात येण्यापूर्वी २४ तास आधी कळवावे.
- मुदत संपूनही घर सोडले नाही, तर पहिले दोन महिने दुप्पट आणि नंतर चौपट भाडे.
- वादांसाठी भाडे प्राधिकरण, भाडे न्यायालय आणि भाडे न्यायाधिकरण अशी वेगळी यंत्रणा. भाडे न्यायालयाने साधारण ६० दिवसांत निकाल द्यावा अशी अपेक्षा.
- हा कायदा नव्या करारांना लागू. जुन्या भाडेकरूंना त्यामुळे बाहेर काढता येणार नाही.

मालकाची भीती यामुळे कमी होऊ शकते. मध्यमवर्गीय भाडेकरूला त्याचा फायदा होईल, रिकामी घरे थोडी तरी बाजारात येतील. पण आपल्या घरी काम करणाऱ्या मावशींना याचा उपयोग किती? त्यासाठी थोडा हिशेब पाहू.

हिशेब

समजा ३० लाख रुपयांचे घर आहे आणि महिना ८,००० रुपये भाडे येते. वर्षाचे ९६,००० झाले. संपत्तिकर, दुरुस्ती आणि एखादा महिना घर रिकामे राहणे यांचे २०,००० वजा केले तर हातात ७६,००० उरतात. म्हणजे गुंतवणुकीवर साधारण अडीच टक्के. मुदत ठेवीत यापेक्षा कितीतरी अधिक मिळतात, आणि तिथे नळ गळत नाही.

आता तेच घर ९ टक्के व्याजाने कर्ज काढून भाड्याने देण्यासाठी बांधायचे म्हटले, तर नुसते व्याज वर्षाला २ लाख ७० हजार, म्हणजे महिना २२,५०० होते. भाडे आठ हजार आणि व्याज साडेबावीस हजार. म्हणून बिल्डर विकण्यासाठी बांधतो, भाड्याने देण्यासाठी बांधत नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

महिन्याला १५,००० मिळवणाऱ्या कुटुंबाने घरावर मिळकतीच्या ३० टक्क्यांपेक्षा अधिक खर्च करू नये असे धरले, तर त्यांना ४,५०० रुपये परवडतात. समजा जमीन सरकारी आहे, तिची किंमत लावली नाही आणि एक खोली, स्वयंपाकघर व शौचालय असे घर ६ लाखांत बांधले. ९ टक्क्यांनी महिन्याचे व्याज बरोबर ४,५०० येते. देखभालीला आणि मुद्दल फेडायला काहीच उरत नाही. व्याज ६ टक्के केले तर ते ३,००० होते आणि १,५०० रुपये देखभालीसाठी शिल्लक राहतात.

आकडे नमुन्याचे आहेत, पण निष्कर्ष पक्का आहे. गरीब कुटुंबाला परवडेल असे भाड्याचे घर बाजारातून येणार नाही. सार्वजनिक जमीन आणि स्वस्त भांडवल या दोन्ही गोष्टी दिल्या तरच ते उभे राहते. सामाजिक गृहनिर्माण म्हणतात ते हेच.

पूर्वी असे कोणी केले आहे का?

केले आहे. मुंबईत १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी बांधल्या. बीडीडी चाळी त्या याच. खोली १६० चौरस फुटांची, पण सरकारी आणि भाड्याची. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगारांच्या पिढ्या तिथे वाढल्या. आता पुनर्विकासात तिथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची मालकीची घरे मिळत आहेत. त्यांच्यासाठी ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र उद्या मुंबईत येणाऱ्या कामगारासाठी असलेल्या भाड्याच्या खोल्या त्यासोबत संपल्या, हेही नोंदवले पाहिजे.

आपल्या इंदूरचा इतिहास तर या बाबतीत अभिमानाचा आहे. होळकर दरबाराने पॅट्रिक गेडेस यांना बोलावले आणि १९१८ मध्ये त्यांचा इंदूरच्या नगररचनेवरील दोन खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याऐवजी मोजकी पाडापाड करून ती सुधारावी, असा गेडेस यांचा आग्रह असे.

पुढे १९८० च्या दशकात इंदूर विकास प्राधिकरणाने वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांच्याकडून अरण्य वसाहत आखून घेतली. सुमारे ८५ हेक्टर जागा आणि साडेसहा हजारांच्या आसपास भूखंड, त्यांतील बहुतांश दुर्बल गटासाठी. लाभार्थ्याला पूर्ण घर न देता जोते, पाण्याची व मलनिःसारणाची जोडणी आणि शौचालय दिले. पुढचे घर ज्याने त्याने जमेल तसे वाढवावे. नमुन्यादाखल ८० घरे बांधून दाखवली. १९९५ मध्ये या वसाहतीला आगा खान पुरस्कार मिळाला. इंदूरच्याच झोपडवस्त्यांना नळ, गटारे आणि रस्ते यांनी शहराशी जोडणाऱ्या प्रकल्पालाही १९९८ मध्ये तोच पुरस्कार मिळाला.

अरण्यमधून दोन धडे घेता येतात. एक, घर वाढवता आले की कुटुंब वरची खोली किरायाने देते. तिथे दुसऱ्या गरजू कुटुंबाची सोय होते आणि मालकालाही चार पैसे मिळतात. परवडणारी भाड्याची घरे आपल्या शहरांत प्रत्यक्षात अशीच तयार होतात. दुसरा, मालकी हक्क दिलेली घरे काळाच्या ओघात विकली जातात. अनेक मूळ कुटुंबांनी किंमत वाढल्यावर जागा विकली आणि अधिक मिळकतीचे लोक आले. विकणाऱ्याचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही, पण स्वस्त घरांचा साठा तेवढा कमी झाला.

सरकारी योजनांत भाड्याचे घर

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २५ जून २०१५ रोजी सुरू झाली. तिचा भर मालकीच्या घरावर होता. इंदुरातील १,०२४ घरांचा लाइट हाउस प्रकल्प, ज्याची पायाभरणी १ जानेवारी २०२१ रोजी झाली, तोही मालकीच्या घरांचाच.

२०२० च्या टाळेबंदीत लाखो मजूर गावी चालत निघाले आणि शहरात त्यांच्यासाठी भाड्याची सोय नाही हे सगळ्यांना दिसले. त्या जुलैमध्ये 'परवडणारी भाडे गृहसंकुले' ही योजना आली. पहिल्या प्रकारात जुन्या योजनांत बांधून रिकामी पडलेली सरकारी घरे भाड्याने द्यायची, दुसऱ्यात उद्योगांनी किंवा संस्थांनी स्वतःच्या जागेवर बांधायची. रिकामी सरकारी घरे सुमारे ८३ हजार होती. त्यांतली साडेपाच हजारांच्या आसपासच भाड्याच्या घरांत रूपांतरित झाली. यावरून एक गोष्ट कळते. घर बांधले आणि किल्ली ठेवली, एवढ्याने भाड्याचे घर होत नाही. ते कामाच्या जवळ हवे, बस हवी, आणि भाडे गोळा करून दुरुस्ती करणारी कायमची व्यवस्था हवी.

ऑगस्ट २०२४ मध्ये या योजनेचा दुसरा टप्पा मंजूर झाला. उद्दिष्ट १ कोटी शहरी कुटुंबांचे. त्यात चार घटक आहेत: स्वतःच्या जागेवर घर बांधण्यास मदत, भागीदारीत परवडणारी घरे, परवडणारी भाड्याची घरे आणि गृहकर्जावरील व्याज अनुदान. भाड्याच्या घरांना स्वतंत्र घटक म्हणून स्थान मिळाले, हे चांगले झाले. योजनेसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अशी:

- आर्थिकदृष्ट्या दुर्बल गट: ३ लाख रुपयांपर्यंत
- अल्प उत्पन्न गट: ३ ते ६ लाख
- मध्यम उत्पन्न गट: ६ ते ९ लाख

व्याज अनुदानाबद्दल एक सावधगिरी. मी कर्ज अर्ज तपासत असताना भाजी विकणारे, रिक्षा चालवणारे, रंगकाम करणारे कितीतरी अर्जदार परत पाठवावे लागले. हप्ता भरण्याची नियत पक्की होती, पण पगारपत्रक नव्हते आणि मिळकत महिन्यागणिक बदलणारी होती. नियमाप्रमाणे मला दुसरे काही करता येत नव्हते. ज्याला कर्जच मिळत नाही त्याला व्याजातली सूटही मिळत नाही. अशा कुटुंबासाठी भाड्याचे घर हाच खरा मार्ग आहे, आणि धोरणात तोच सर्वांत अरुंद राहिला.

हुकुमचंद मिलची जागा

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हुकुमचंद मिल बंद पडली. आपल्यातील कितीतरी घरांचा या मिलशी आणि मिल भागाशी संबंध होता. थकलेल्या रकमेसाठी कामगार तीन दशके लढले. २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगारांसाठी २२४ कोटी रुपये देण्यात आले. राज्याच्या गृहनिर्माण मंडळाने जमीन घेतली आणि त्यातून हा मार्ग निघाला. शहराच्या मध्यात सुमारे ४२ एकर जागा आता विकसित होणार आहे.

वरचा हिशेब आठवावा. परवडणाऱ्या भाड्याच्या घरासाठी सार्वजनिक जमीन लागते आणि ती कामाच्या जवळ असावी लागते. अशी जागा शहराच्या मध्यात पुन्हा मिळणे कठीण. तिचा एखादा भाग तरी कायम भाड्याच्या, विकता न येणाऱ्या घरांसाठी राखावा, ही मागणी नागरिक म्हणून आपण करू शकतो. ज्या कामगारांच्या श्रमावर ती जागा मोलाची झाली, त्यांच्या नातवंडांना त्या भागात एक खोली किरायाने मिळू नये, हे बरे दिसणार नाही.

सभासदांसाठी उपयोगी सूचना

घरमालकांसाठी:

- करार लेखी करावा, राज्याच्या दराने मुद्रांक लावावा. शक्यतो नोंदणी करावी. खर्च थोडा, झोप शांत.
- भाडे बँकेमार्फत घ्यावे. पुढे वाद झाला तर बँकेची नोंद हाच मोठा पुरावा.
- भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.
- नूतनीकरणाच्या वेळी नवा करार करावा. जुन्याच कागदावर वर्षानुवर्षे चालू देऊ नये.
- भाड्याच्या उत्पन्नातून भरलेला संपत्तिकर वजा करून उरलेल्या रकमेवर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट मिळते. कराच्या भीतीने घर बंद ठेवणाऱ्यांनी एकदा हिशेब करून पाहावा.

भाडेकरूंसाठी:

- अनामतीची पावती आणि घर ताब्यात घेतानाचे फोटो ठेवावेत.
- दुरुस्ती कोणी करायची ते करारात लिहून घ्यावे.
- मालक भाडे घेण्यास नकार देत असेल तर मनीऑर्डरने किंवा बँकेतून पाठवून पुरावा ठेवावा आणि वकिलाचा सल्ला घ्यावा. भाडे थांबवू नये. थकबाकी हे घर जाण्याचे पहिले कारण असते.

आणखी एक विनंती. आडनाव, जात, आहार, एकटी स्त्री, ही कारणे सांगून आपल्याकडेही दार बंद केले जाते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी आपले आजोबा-पणजोबा होळकरांच्या नोकरीसाठी किंवा मिलमधल्या कामासाठी या शहरात आले, तेव्हा त्यांनाही कोणीतरी वाड्यातली एक खोली किरायाने दिली होती. ज्या सभासदांचे घर किंवा मजला बंद आहे आणि जे योग्य भाडेकरू शोधत आहेत, त्यांनी मंडळाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. घर शोधणाऱ्यांनीही नोंदवावे. कराराचा नमुना वाचून घ्यायचा असेल तर मी रविवारी सकाळी कार्यालयात असतो.